मदत हवी आहे: बढतीच्या पत्रावर सही करण्याआधी गरोदरपणाचं सांगावं का?

हिंजवडीतल्या एका खासगी कंपनीत सहा वर्षं नोकरी करतेय. परवा टीम लीडच्या बढतीचं पत्र हातात आलं, शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचं आहे. मला आठवा आठवडा चालू आहे. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, काम करायला हरकत नाही. सासूबाई आणि आई दोघींचंही एकच, तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलू नकोस. मलाही तेच बरं वाटतं. सकाळच्या मीटिंगला तोंडात आवळा सुपारी धरून बसते, अजून कुणाला शंका आलेली नाही.

26 आठवड्यांची पगारी रजा आणि त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम ही अट मला माहीत आहे, त्यात मी बसते. हे पहिलंच बाळ आहे. अडचण पत्रातल्या एका ओळीची आहे: नव्या पदावर सहा महिने प्रोबेशन, "काम समाधानकारक नसल्यास मूळ पदावर". प्रोबेशन संपेल तेव्हा मला चौतिसावा आठवडा असेल. त्याआधी रजेवर जावं लागलं तर? कंपनीची नियमपुस्तिका दोनदा वाचली, यावर काहीच नाही. एचआरला विचारलं की लगेच कळणार. बढती सोडायची नाहीये, दोन वर्षं त्यासाठी राबलेय.

प्रोबेशनमध्येच प्रसूती रजा घेतलेल्या कुणी आहात का? रजेचा काळ वगळून प्रोबेशन पुढे वाढवलं, की मूळ पदावर परत पाठवलं? आणि सही करण्याआधी सांगितलंत की नंतर?