शिडी कोणती घ्यावी? चढणार वडील, वय ६९ (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर आणि तिथे जायला बिल्डरने काहीच सोय ठेवलेली नाही. बाबा गच्चीवर बांबूची जुनी शिडी लावून चढतात. तिच्या दोन पायऱ्या काथ्याने बांधलेल्या, पायात स्लिपर. पावसाआधी टाकी धुवायची आहे, शिवाय मागच्या अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा आहेतच. "माणूस लावू" म्हटलं की "तुझ्या जन्माआधीपासून चढतोय" हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे त्यांना थांबवायचं कसं हे विचारत नाहीये, ते होणे नाही. निदान शिडी तरी धड हवी.

दुकानदार म्हणतो, ॲल्युमिनियमचा आठ फुटी घोडा (पाय फाकवून आधाराशिवाय उभी राहणारी घडीची शिडी) घ्या, घरात-बागेत दोन्हीकडे चालेल. खोलीचा स्लॅब गच्चीपासून आठ फुटांवर आहे. शेवग्याजवळून खांबावरची वायर घरात येते. माती काळी. घ्यावा का?

प्रतिसाद १
ताई, रंगकामाचा धंदा आहे माझा, रोज घोड्यावरच असतो. पंखा पुसायला, बल्ब बदलायला घोडा उत्तम. पण त्याच्यावरून स्लॅबवर उतरायचं नसतं. स्लॅबवर पाय टाकताना माणूस घोड्याला आडवा रेटा देतो आणि घोडा कलंडतो. शिवाय आठ फुटीच्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचंच नाही, म्हणजे उंची तशीही पुरत नाही. काही जण तो मिटवून भिंतीला टेकवतात. तसं अजिबात करू नका, खालचे पाय नीट टेकत नाहीत, सटकतात.

तुम्हाला सरळ शिडी हवी, बारा फुटी. चार फूट उंचीला एक फूट, या हिशेबाने तुमच्या आठ फुटांना पाय भिंतीपासून दोन फूट लांब. वरचं टोक स्लॅबच्या कडेच्या वर तीन फूट आलं पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. टोक दोरीने बांधा. पहिल्यांदा चढताना ते बांधलेलं नसतं, तेव्हा खाली कोणीतरी धरून उभं राहायला हवं. पायांना रबरी बूट आहेत ना ते बघा. किती किलो वजन चालेल ते स्टिकरवर लिहिलेलं असतं. बाबांच्या वजनात हातातल्या बादलीचंही धरा. खरं तर बादली हातात नकोच, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्या. दोन्ही हात शिडीला.

प्रतिसाद २
सगळे उंचीचं बोलताय, वायरचं कोणी बोलेना! शेवग्याजवळ ॲल्युमिनियम नेऊच नका. जुन्या वायरचं आवरण उन्हाने तडकलेलं असतं, बाहेरून कळत नाही. फायबरग्लासची शिडी मिळते, महाग आहे. पण तीही ओली किंवा मळलेली असली तर भरवसा नाही. फांद्या वायरला टेकत असतील तर महावितरणला १९१२ वर कळवा, पुरवठा बंद झाल्याशिवाय कोयता लावू नका. झाडच काढायचं मनात असेल तर आधी मनपाची परवानगी.

प्रतिसाद ३
दिंडोरीहून. आमच्या द्राक्षाच्या मांडवाला शिडी लागत नाही, त्यामुळे आम्ही सुटलो :) पण शेवग्याला शिडी लावायची कशाला? लाकूड इतकं ठिसूळ की भक्कम दिसणारी फांदी कड्कन मोडते. जमिनीवर उभं राहून बांबूच्या आकडीने शेंगा ओढा. वायरच्या बाजूच्या मात्र सोडून द्या, ओला बांबूही करंट आणतो. पुढे छाटणी करून झाड बुटकं ठेवा, शेंगा हाताशी येतात.

काळ्या मातीत कुठेही शिडी उभी करायची झाली तर खाली रुंद फळी टाका. एक पाय रुतला की शिडी त्याच बाजूला जाते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आकडीचं बाबांना पटलं, उलट "मी हेच म्हणत होतो" असं म्हणाले. घोडा रद्द. सरळ शिडीवर मात्र अडलंय, कारण दर वेळी खाली धरायला घरात कोण असणार? म्हणून अंबडच्या एका फॅब्रिकेटरला विचारलं. तो खोलीच्या भिंतीलाच कायमची लोखंडी शिडी बसवून द्यायला तयार आहे. भिंत चार इंची विटेची आहे. तिच्यात अँकर बोल्ट धरतील, की बीममध्येच पकड घ्यायला लावू? आणि वरच्या धरायच्या कठड्याचं त्याने कोटेशनमध्ये काहीच लिहिलेलं नाही. कुणी अशी बसवून घेतली असेल तर फोटो टाका प्लीज, रविवारी तो माप घ्यायला येतोय.