मेमोरियल राईडला पहिल्यांदाच जातोय, ग्रुपमध्ये चालवायची सवय नाही

एकटा_रायडर: मित्राचा मोठा भाऊ कॅन्सरने गेला, त्याच्या आठवणीत राईड ठेवलीय, जमतील ते पैसे त्याच आजाराच्या पेशंटना जाणार. जायचं तर पक्कं आहे पण मी आजवर एकट्यानेच गाडी चालवलीय आणि माझी १५० सीसी, बाकी बरेचजण मोठ्या गाड्यांवाले. गुपचूप सगळ्यात मागे राहिलो तर चालेल ना? आणि बायको मागे बसते म्हणतेय, नेऊ का?

शेवटची_गाडी: मागे अजिबात राहू नकोस! सगळ्यांना वाटतं मागे सेफ, पण असतं उलटं. पुढचे जरा ब्रेक मारून परत पिकअप घेतात, तो फरक प्रत्येक गाडीमागे वाढत जातो आणि शेवटच्याला गॅप भरायला उगाच पळवावी लागते, रबर ताणून सोडल्यासारखं. म्हणून नवख्याला लीडरच्या लगेच मागे ठेवतात आणि शेवटी अनुभवी माणूस, त्याला स्वीप म्हणतात. सुरू व्हायच्या आधी ब्रीफिंगला सरळ सांग की ग्रुपमध्ये पहिलीच वेळ आहे, लाजायचं काय त्यात. चालवताना तिरकी रांग, म्हणजे लेनमध्ये एक गाडी डावीकडे तर तिच्या मागची उजवीकडे; तिरक्या पुढच्यापासून १ सेकंद आणि नाकासमोरच्यापासून निदान २ सेकंद अंतर. वळणं आली की सगळे एकामागे एक. टाकी फुल करूनच ये, एकासाठी सगळे थांबतात मग.

स्पष्ट_बोलतो: राग मानू नका पण एवढं पेट्रोल जाळण्यापेक्षा तेच पैसे थेट दिले तर? टी-शर्ट, बॅनर यातच अर्धी फी जाते कधीकधी.

जुनी_बुलेट: फीतलं किती खर्चात जातं ते आयोजकांना विचारायलाच पाहिजे, मान्य. पण गाड्या घेऊन जमल्याने काही होत नाही हे नाही पटत. डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राईड २०१२ ला सिडनीत सुरू झाली, आता जगभर सूटबूट घालून लोक प्रोस्टेट कॅन्सर आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे जमवतात. वॉशिंग्टनची रोलिंग थंडर १९८८ ला सुरू झाली ती तर मुळात युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा विसर पडू नये म्हणून. आणि घरच्यांना एवढी माणसं आलेली दिसतात त्याचं काय? चेक पाठवून ते होत नाही भाऊ.

@एकटा_रायडर, पुढच्या रांगेत लीडरच्या बाजूची जागा मुद्दाम रिकामी ठेवली असेल तर ती गेलेल्याची असते, गॅप दिसला म्हणून घुसू नको. तू लीडरच्या मागे असणार म्हणून आधीच सांगतोय. आणि गेलेल्याच्या घरासमोर थांबल्यावर रेस देत बसणारे हमखास दोन-चार निघतात, तसं करायचं ते घरच्यांनी म्हटलं असेल तरच.

शेवटची_गाडी: वहिनींचं राहिलं. डबल सीट रोज चालवत असशील तर ने, टायरची हवा डबल सीटच्या हिशोबाने भर, ब्रेकला जास्त अंतर लागतं ते लक्षात ठेव. सवय नसेल तर त्यांना कारने थेट शेवटच्या ठिकाणी येऊ दे.

एकटा_रायडर: सवय नाही, कारनेच येईल ती. मध्येच सिग्नल लाल झाला आणि पुढचे निघून गेले तर?

शेवटची_गाडी: थांबायचं. ग्रुपसाठी सिग्नल तोडायचा नाही, पुढचे साईडला थांबतात नाहीतर वळणावर मार्शल, म्हणजे रस्ता दाखवणारा आपलाच माणूस, उभा असतो. तरी रूट मोबाईलमध्ये टाकून ठेव.