‘डॉग-फ्रेंडली कंट्री पब’ मराठीत कसा लिहायचा?

लीड्सहून, प्रश्न:
मंडळी, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यॉर्कशर डेल्स या उत्तर इंग्लंडातल्या डोंगराळ भागातल्या भटकंतीवर लिहितेय. दिवसभर तंगडतोड करून टॅन हिलच्या पबात जेवलो, कुत्राही सोबत होता. ‘डॉग-फ्रेंडली कंट्री पब, गुड फूड’ एवढंच मराठीत हवंय. ‘श्वानस्नेही ग्रामीण मद्यालय, उत्तम भोजन’ असं लिहिलं, तर नवऱ्याने विचारलं, “निविदा कधी उघडणार?” सुचवा काहीतरी.

सांगलीहून:
ताई, आधी ‘कंट्री’ काढा. आपल्याकडे कंट्री म्हणजे देशी. सीएल-थ्रीचा, म्हणजे देशी दारूविक्रीचा परवाना, जाळीची खिडकी, संत्र्याची नवटाक. ‘कंट्री पबात जेवलो’ असं छापलंत तर गावाकडचे मामा रात्रीच फोन करतील.

पुण्याहून:
मद्यालय, गुत्ता, पानगृह हे तिन्ही बाद. या शब्दांत पोराबाळांना घेऊन जायची सोयच नाही. पब म्हणजे मुळात पब्लिक हाऊस, चार गावकऱ्यांनी टेकायची जागा. रविवारी आजी-आजोबा तिथे रोस्ट खायला येतात आणि पेलाही न शिवता घरी जातात. तेव्हा ‘पब’च ठेवा. फक्त आमच्या कोरेगाव पार्कातले वाचक पब म्हटल्यावर अंधार आणि डीजे डोळ्यांसमोर आणतील, म्हणून पुढे शेकोटीचा उल्लेख हवाच.

पणजीहून:
गोव्यात ‘तावेर्न’ म्हणतात. गावातली छोटी जागा, रोजचे चार चेहरे, फेणीचा पेला, बाकाखाली कुणाचंही नसलेलं एक कुत्रं झोपलेलं. तुमच्या पबाच्या सगळ्यात जवळ हेच जातं. पण घाटावर कुणाला कळणार नाही, हे मान्य.

लीड्सहून:
तावेर्न आवडला! पण टॅन हिलला गावच नाही हो. 528 मीटरवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब म्हणून तो ओळखला जातो. भोवती नुसता माळ, मेंढ्या आणि वारा. पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट दारावरून जाते, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं चिखलाच्या बुटांतली.

नागपूरहून:
मग ‘माळावरचा पब’ लिहा, ग्रामीण कशाला? आणि पाटीवर ‘इन’ आहे ना? इन म्हणजे मुक्कामाचीही सोय. तिथे ‘सराई’ शोभेल. 2021च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळात साठेक माणसं याच ठिकाणी बर्फात तीन रात्री अडकली होती, ओअ‍ॅसिस या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवणाऱ्या दुसऱ्या एका बँडसकट. ही सराई नाही तर काय?

लीड्सहून:
सराई म्हटलं की मला उंट दिसतात. आणि चांगल्या जेवणाचं काय? ‘गॅस्ट्रोपब’ चालेल?

सांगलीहून:
अजिबात नको! ‘तालुक्यात गॅस्ट्रोची साथ’ हे मथळे वाचत मोठे झालेले लोक आम्ही. गॅस्ट्रोपबात जेवून आलात म्हटल्यावर पहिला प्रश्न सलाइन किती लावल्या हाच येईल.

पुण्याहून:
शिवाय अर्थही जुळत नाही. 1991मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरच्या ‘द ईगल’पासून तो शब्द रुळला: पबाचं रूप तसंच, स्वयंपाक मात्र रेस्टॉरंटच्या तोडीचा. माळावरच्या ‘स्टेक पाय’ला, म्हणजे मांस भरलेल्या साध्या पेस्ट्रीला, ते बिरूद कशाला? ‘जेवण झकास’ लिहा.

नागपूरहून:
आता कुत्रा. ‘श्वानस्नेही’ हा ‘पर्यावरणस्नेही’च्या साच्यातला शब्द. त्यातून मालकाचा जीव कुत्र्यांवर आहे एवढं कळतं, आत घेतो की नाही ते नाही. सरळ ‘कुत्रं चालतं’ लिहा.

पणजीहून:
‘जेवण झकास, कुत्रं चालतं’? अहो, आपल्याकडे अंडं चालतं, मासे चालतात! हे शेजारी-शेजारी छापू नका, हात जोडतो.

पुण्याहून:
हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा परवानगीचाच आहे. इंग्लंडात कायद्याने जनावर नको ते अन्न तयार होतं तिथे. गिऱ्हाईक बसतं तिथलं मालकाच्या मर्जीवर. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी फरशीच्या बारमध्ये कुत्रा बसतो, गालिच्याच्या डायनिंग रूममध्ये नाही. मार्गदर्शक कुत्र्यांची गोष्ट वेगळी, त्यांना 2010च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून ‘कुत्र्यालाही आत घेतात’ हे नेमकं.

लीड्सहून:
अगदी! दाराशी पाण्याचं भांडं होतं, आणि गल्ल्यामागच्या बाईंनी आम्हाला मेनू द्यायच्या आधी आमच्या लेकाला, म्हणजे कुत्र्याला, बरणीतलं बिस्कीट दिलं. मग ठरलं: ‘माळावरचा पब. शेकोटी पेटलेली, जेवण झकास, कुत्र्यालाही आत घेतात.’ पुढच्या ओळीत यॉर्कशर पुडिंग आहे, ते तसंच ठेवते.

सांगलीहून:
ठेवा, पण ते गोड नसतं हे तिथल्या तिथे सांगा. नाहीतर आमची आई वेलची शोधत बसेल.