शाळेचं चित्र काढायला सांगितलं की सगळे फळाच का काढतात?

रानजाई:
डी.एल.एड.चं (शिक्षक होण्याच्या पदविकेचं) दुसरं वर्ष चालू आहे. मॅडमनी वर्गात सांगितलं, "तुम्ही जिथे शिकवणार ती शाळा काढा." बहुतेकांच्या कागदावर एकच चित्र: फळा, खडू धरलेल्या बाई, बाकांच्या रांगा आणि पोरांची पाठमोरी डोकी. चेहरे जवळपास कुणीच काढले नव्हते.

आता आंतरवासितेला (प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला) वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. बाक नाहीतच, बसायला पट्ट्या. पहिली-दुसरी एका खोलीत. सर खिचडीचे तांदूळ मोजून देतात तोवर चौथीतली एक पोरगी बारक्यांकडून अक्षरं गिरवून घेते, आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा बरी घेते! टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) प्रस्तावना, हेतूकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), विषयप्रतिपादन. इथे हेतूकथनाला तोंड उघडलं की कुणीतरी करंगळी वर करतं.

नोकरीआधी तुमच्या डोळ्यासमोर कोणती शाळा होती?

झेडपीचा_गडी:
ताई, माझ्या डोळ्यासमोर पण फळाच. हातात आला मोबाईल. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), आधारची जुळणी. पहिली ३ वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६ हजार (२०२३ च्या आधी ६ हजारच होतं). आणि द्विशिक्षकी शाळा म्हणजे अपवाद समजू नका. २००९ च्या आरटीई (शिक्षणहक्क) कायद्यात पहिली ते पाचवीला मिळून ६० मुलांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. वर्ग पाच असले तरी दोनच! बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक वर्ग शिकवणं, नीट शिकून घ्या, तेच कामाला येईल.

निवृत्त_बाई:
रानजाई, पाठमोरी डोकी कुठून दिसतात? मागच्या बाकावरून. तुम्ही सगळ्यांनी बारा वर्षं जिथे बसून काढली तिथूनच चित्र काढलंत. फळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या बाईला चेहरे दिसतात, आणि दारातून डोकावणारी एखादीची आईसुद्धा. मॅडमना सांग, आंतरवासिता संपली की तेच चित्र पुन्हा काढायला द्या.

रानजाई:
बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमना विचारते. दादा, एक अडचण: पहिलीची पोरं गणपेटी (गणिताच्या साहित्याची पेटी) घेऊन बसली असताना मी दुसरीला शिकवते, ते टाचणात कसं दाखवायचं?

झेडपीचा_गडी:
पानाचे उभे दोन भाग करा, एकेका इयत्तेला एक. तपासणारे कुरकुरले तर वर्गात बोलवा त्यांना.