सोलापूरला नवीन आहोत, पाणी चार-पाच दिवसांनी येतं, साठवण आणि वेळ कशी जमवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही चिपळूणहून सोलापूरला आलोय. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. विजापूर रोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. मीपण इथे एका लॅबमध्ये नोकरी धरलीये.

शहर आवडलंय, हे आधी सांगते. शेजारच्या काकू घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि सामान लावत होतो तेव्हाच त्यांनी कडक भाकरी नि शेंगाचटणी आणून दिली, म्हणाल्या चार दिवस स्वयंपाक नाही झाला तरी चालेल. उन्हाचीपण तयारी ठेवलीये, एप्रिल-मेत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो हे माहीत होतं. अडतंय ते फक्त पाण्यापाशी.

आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाचव्या दिवशी, आणि वेळ ठरलेली नाही, कधी पहाटे कधी भर दुपारी. दुपारी आलं तर आम्ही दोघं कामावर, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बादली उचलायला लावणं मला पटत नाही, आणि त्या ऐकत नाहीत, मी घरी येईपर्यंत सगळं भरून कंबर धरून बसलेल्या असतात. चिपळूणला उन्हाळ्यात विहीर खाली गेली तरी पोहरा टाकला की पाणी मिळायचं, त्यामुळे साठवायची सवय आम्हाला कुणालाच नाही.

गच्चीवर आमच्या वाट्याची हजार लिटरची टाकी आहे, खालच्या हौदातून मोटरने वर चढवावं लागतं. ती तिसऱ्या दिवशीच तळाला जाते. म्हणून गॅलरीत दोनशे लिटरचे तीन-चार बॅरल ठेवायचा विचार आहे. चालेल का? चौघांना नक्की किती साठा लागतो? पाच दिवसांचं पाणी प्यायला वापरता का तुम्ही? आणि डासांचं काय करता, मुलाला डेंग्यू होईल ही भीती डोक्यातून जात नाही. जे स्वतः करता तेच सांगा प्लीज.

प्रतिसाद (जुळे सोलापूर) :
ताई, गॅलरीत बॅरल अजिबात ठेवू नका. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, असे चार म्हणजे आठशे किलो वजन बाहेर आलेल्या स्लॅबवर पडतं. आत भिंतीकडेला, तेही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि घरमालकाला विचारूनच. हिशोब सांगतो, शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप माणशी रोज १३५ लिटर आहे, तेवढं आपल्याकडं कोण वापरत नाही. जपून वापरलं तर माणशी ८०-९० लिटरमध्ये भागतं, म्हणजे चौघांना पाच दिवसाला सोळाशे ते अठराशे. तुमची टाकी नि चार बॅरल, बरोबर बसतं. धुण्या-भांड्याचं पाणी संडासात टाकायला ठेवा, टाकीला तिथंच सगळ्यात जास्त आराम मिळतो.

प्रतिसाद (पूर्व भाग, साखर पेठ) :
वेळेचं म्हणाल तर तुमच्या भागाचा चावीवाला, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, कोण ते शेजाऱ्यांना विचारा, तो कधी सोडणार ते गल्लीत कुणाला तरी माहीत असतंयच. पाणी शंभर किलोमीटरच्या पुढून उजनी धरणावरनं येतं बघा, लाईन फुटली नाहीतर पंपाची लाईट गेली की सगळ्या शहराचं एक दिवस पुढं ढकललं जातं, पेपरात येतं ते, सकाळी नजर टाकत जा. आणि हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या, हौद भरला की आपोआप बंद होतं, कुणी थांबायची गरज नाही. वर चढवायचं रात्री तुम्ही आल्यावर करा. आजीनं बादली उचलायचा प्रश्नच येत नाही मग.

प्रतिसाद (होटगी रोड) :
प्यायचं पाणी वेगळं. नळ आल्या आल्या पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं, ते धुण्याला घ्या, स्वच्छ यायला लागलं की प्यायचं भरा, गाळून, उकळून, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात. तोटी असलेलं पिंप घ्या, हात बुडत नाही. डासांसाठी नुसतं झाकण पुरत नाही, तोंडाला सुती कापड ताणून बांधा. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा बॅरल रिकामा करून आतनं ब्रशनं घासायचाच, अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं विसळून जात नाहीत. आमच्याकडं तो दिवस पाणी यायच्या आदल्या दिवशी असतो.

मूळ लेखिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. गॅलरीचा विचार रद्द, दोन बॅरल न्हाणीघरात आणि दोन स्वयंपाकघराच्या भिंतीला लावते. फ्लोट व्हॉल्व्हचं सासूबाईंना वाचून दाखवलं, घरमालकांशी त्याच बोलणार म्हणतात. एकच राहिलं, गच्चीवरची टाकी काळी आहे, दुपारी नळाला हात लावायची सोय नाही, त्याला काय करता?

प्रतिसाद (जुळे सोलापूर) :
टाकीला बाहेरनं पांढरा रंग मारा नि वर हिरवी शेडनेट बांधा, शेतीच्या दुकानात मिळते. अंघोळीचं पाणी सकाळीच बादल्यांत काढून ठेवा, संध्याकाळपर्यंत गार राहतंय.