दिसण्याचे शंभर इंग्रजी शब्द पाठ करून नक्की कोणाचं भलं होतं?

सरळसोट
इंग्रजी शिकताना 'माणसाचं वर्णन' हा धडा आला की हातात एक भलीमोठी यादी पडते, स्लिम, स्लेंडर, स्किनी, लीन, लँकी, स्टॉकी, प्लंप, चबी, आणि वर सांगतात करा पाठ. माझं स्पष्ट मत आहे की हा वेळेचा चुराडा आहे. पंधरा-वीस शब्द बास होतात. टॉल, शॉर्ट, थिन, यंग, ओल्ड, मिडल-एज्ड, केस स्ट्रेट, वेव्ही की कर्ली, टक्कल, दाढी, मिशी, चष्मा. लोक शब्दावर अडकतच नाहीत हो, अडकतात इज आणि हॅजवर. 'शी इज लाँग हेअर' आणि 'ही हॅज टॉल' म्हणणाऱ्याला लँकीचं स्पेलिंगसुद्धा पाठ असतं! उंची, वय, बांधा याला इज, केस, डोळे, दाढी, खळी याला हॅज, अंगावर घातलेल्याला इज वेअरिंग. एवढं जिभेवर बसवा आणि यादी फेकून द्या.

खडूधूळ
इज-हॅजचं १००% मान्य, वह्या तपासून डोळे गेलेत माझे, त्यात 'हेअर्स' तर प्रत्येक पानावर (डोक्यावरच्या केसांना हेअरच, एस लावायचा नाही). पण यादी फेका हे अजिबात पटलं नाही. थिन, स्लिम, स्किनी तिन्ही बारीकच, मग एक घ्या असं करून चालत नाही. स्लिम म्हटलं की समोरचा खूश, थिन साधंच, आणि स्किनी म्हणजे अगदी हाडं दिसतायत असा सूर. आपण जाड माणसाला मान राखून 'हेल्दी' म्हणतो, बाहेरच्याला वाटतं गडी ठणठणीत आहे. 'होमली' तर त्याहून भारी, आपल्याला वाटतं घर सांभाळणारी, आणि अमेरिकन माणूस ऐकतो दिसायला बेताची. पंधरा शब्दांत अडकलेल्याला हा फरक कळणार कुठून?

सरळसोट
ताई, मग पंधरा शब्द नीट शिका असंच तर झालं ना ते! फरक शिकवा की, मी कुठे नको म्हणतोय. शंभरची घोकंपट्टी नको एवढंच.

निम्मी_झोप
ज्यांना परीक्षा द्यायची नाही त्यांना असं बोलणं सोपं आहे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला चार निकष असतात, ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार, आणि चारही सारख्या वजनाचे. म्हणजे एकूण मार्कांतला पाव हिस्सा शब्दांचा. दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, विचार करायला १ मिनिट आणि बोलायला १ ते २, त्यात एखाद्या व्यक्तीबद्दल बोला हे तर कितीदा तरी येतं. तिथे टॉल अँड थिन करत बसलो तर झालंच कल्याण.

खडूधूळ
@निम्मी_झोप, आता मी तुझ्याच विरोधात बोलते. त्या कार्डावर बहुतेक वेळा विचारतात ती व्यक्ती कोण, ओळख कशी झाली, ती तुम्हाला का आवडते. दिसणं एखाद्या वाक्यात संपतं. नाक कसं नि भुवया कशा हे पाठ केलेलं धडाधड ओतलंस तर परीक्षकाला लगेच कळतं. आणि 'व्हॉट इज शी लाइक' विचारलं तर तो स्वभाव असतो बरं का, दिसणं हवं असेल तर 'व्हॉट डज शी लुक लाइक'. इथे कितीतरी मुलं केसांपासून सुरू होतात.

पानवेडी
तुम्ही सगळे फक्त बोलण्यापुरतं धरून बसलात. वाचायचं काय?? इंग्रजी कादंबरीत पात्र दारातून आत आलं की हे शब्द लागतातच. लँकी म्हणजे उंच, काटकुळा आणि हातापायांचं काय करावं ते न कळणारा, एका शब्दात अख्खा माणूस उभा राहतो. स्टॉकी म्हणजे बुटका पण रुंद आणि दणकट, त्याला तुमच्या पंधरा शब्दांत कसं बसवणार? बोलताना नका वापरू, पण वाचताना ओळखता तर यायला हवेत.

सरळसोट
हे मान्य. ओळखायचे शब्द वेगळे, वापरायचे वेगळे. मी वापरायच्यांबद्दल बोलत होतो.

उगाचच_आलो
मला मुळात प्रश्न पडतो की कोणाच्या अंगाबांध्यावर बोलायचंच कशाला? फॅट, अग्ली असले शब्द शिकवायचे आणि मग म्हणायचं तोंडावर बोलू नका.

पानवेडी
अहो पण गर्दीत कोणी हरवलं तर काय सांगणार, स्वभावाने गोड आहे? तिशीतली, मध्यम उंची, खांद्यापर्यंत कुरळे केस, हनुवटीवर तीळ, चष्मा, निळा शर्ट. यात कोणाचा अपमान झाला? आणि अग्ली कळायलाच हवा, नाहीतर आपल्याला कोणी म्हटलं तर आपण थँक्यू म्हणून मोकळे.

उगाचच_आलो
तिळापर्यंत ठीक आहे. फेअर-डार्क मात्र मी मुलांना शिकवणार नाही, पटो न पटो.

खडूधूळ
फेअर केसांनाही म्हणतात हो, फेअर हेअर म्हणजे फिकट सोनेरी. तेवढं तरी राहू द्या.

नवा_गडी
मध्येच विचारतो, 'ब्लॅक लाँग हेअर' की 'लाँग ब्लॅक हेअर'?

सरळसोट
लाँग ब्लॅक. आधी आकारमान, मग वय, रंग त्यानंतर. टॉल यंग मॅन, बिग ब्राउन आइज. बघा, शब्द सगळे येतात, अडलं कुठे ते!

निम्मी_झोप
काका तुम्ही जिंकल्यासारखं करू नका, लँकी मी वापरणारच आहे 😄