अनुभव धागा : आफ्रिकेत इंग्रजी शिकवताना काय लागतं, काय अडतं

आफ्रिकेत इंग्रजी शिकवायला जायचंय, काय तयारी करू, असं विचारणारे दर उन्हाळ्यात येतात. ‘आफ्रिका’ म्हणून एकच उत्तर देता येत नाही. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी सुरू होतं. रवांडाने २००८मध्ये फ्रेंच बाजूला ठेवून इंग्रजी माध्यम घ्यायचं ठरवलं. इथिओपियात साधारण नववीपासून इंग्रजी माध्यम आहे आणि त्याआधी मुलं अम्हारिक, ओरोमो अशा भाषांत शिकतात. म्हणून ज्यांनी तिथे शिकवलंय त्यांनी देश आणि इयत्ता सांगून लिहावं. प्रवासवर्णन नको. कृती हवी, आकडे हवेत, आणि कुठे काय बिघडतं ते हवं.

टांझानिया, फॉर्म वन (माध्यमिकचं पहिलं वर्ष)

इथलं मूल गणित, विज्ञान सगळं स्वाहिलीत शिकून आलेलं असतं आणि जानेवारीत त्याच्या हातात जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पडतं. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हा धक्का ठाऊक आहे. इथे तो तेरा-चौदाव्या वर्षीच बसतो. त्यामुळे पहिले तीन महिने इंग्रजीचा तास म्हणजे इतर सगळ्या विषयांचा आधार, असं धरून चाला. दर शुक्रवारी जीवशास्त्र, भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांकडून पुढच्या आठवड्याचे पाच-पाच शब्द मागून घ्यायचे. वीस शब्द होतात, रोजचे चार. शब्द, स्वाहिली अर्थ आणि एक वाक्य अशा तीन रकान्यांची वेगळी वही करायला लावा. परीक्षेतली क्रियापदंही यातच घ्या : स्टेट, मेन्शन, एक्स्प्लेन, डिफरन्शिएट. उत्तर येत असून प्रश्नाचं क्रियापद न कळल्यामुळे मार्क जाणारी मुलं फार आहेत.

आता चुका कुठून येतात ते पाहा. स्वाहिली लिहितात तशीच वाचतात, आपल्या मराठीसारखी. म्हणून एम-ए-के-ई दिसलं की मूल ‘माके’ वाचतं, एन-ए-एम-ई दिसलं की ‘नामे’. याला आळस समजून रागावू नका, त्याने त्याच्या लिपीचा नियम नीट पाळलेला असतो. शेवटच्या मुक्या ‘ई’च्या जोड्या फळ्यावर लिहा : मॅट-मेट, किट-काइट, हॉप-होप. खडूने तो ‘ई’ लिहायचा, वाचून घ्यायचं, पुसायचा, पुन्हा वाचून घ्यायचं. दिवसाला सहा जोड्या पुरतात.

स्वाहिली शब्द स्वरावर संपतो, म्हणून डेस्कचं ‘डेस्की’ होतं. शब्दातला आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, म्हणून ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘लप’वर जातो. आघाताच्या अक्षराला बाकावर टिचकी मारायला लावली की महिनाभरात फरक ऐकू येतो.

‘येये’ या एकाच सर्वनामात तो आणि ती दोन्ही येतात. त्यामुळे ‘माय मदर, ही इज अ नर्स’ हे फॉर्म फोरपर्यंत ऐकू येतं. नियम त्यांना पाठ असतो, बोलताना जीभ घसरते. उपाय तोंडी सरावाचा : वर्गातल्या मुलामुलीकडे बोट दाखवून झटपट वाक्यं, रोज दोन मिनिटं, वर्षभर.

अनेकवचन स्वाहिलीत शब्दाच्या पुढच्या टोकाला होतं : किताबु-विताबु, म्तोतो-वातोतो. मुलाचे कान शब्दाच्या सुरुवातीकडे लागलेले असतात, म्हणून इंग्रजीतला शेवटचा ‘स’ त्यांना ऐकूच येत नाही. श्रुतलेखनात तो मुद्दाम लांबवून म्हणा.

आणि घड्याळ. स्वाहिली दिवस सूर्योदयाला सुरू होतो, सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. काटा आठवर बघून मूल ‘टू ओक्लॉक’ म्हणतं तेव्हा ते चुकत नसतं. आधी सहा मिळवायचे किंवा वजा करायचे हे फळ्यावर दोन घड्याळं काढून दाखवा, मगच ‘व्हॉट्स द टाइम’चा धडा घ्या. तुमची बसही याच घड्याळावर सुटते. तिकिटावर लिहिलेली वेळ कोणत्या पद्धतीची आहे ते दरवेळी विचारा.

टांझानिया, वरच्याला जोडून

‘समजलं नाही का?’ असं कधी विचारू नका. नकारार्थी प्रश्नाला स्वाहिलीत मराठीसारखंच उत्तर येतं : ‘हो, नाही समजलं.’ इंग्रजीत ते नुसतं ‘येस’ होतं आणि शिक्षक पुढे निघून जातो. त्यापेक्षा करून दाखवायला सांगा.

मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे. अरबी-फारसीतून आणि हिंदी महासागरावरच्या व्यापारातून आलेले शेकडो शब्द दोन्हीकडे आहेत : किताबु, कलामु, हेसाबु, दावा (औषध), रांगी, सफारी, पेसा, दुका (दुकान), गारी (गाडी), बिमा (विमा). दफ्तर तिथे ‘दाफ्तारी’ होऊन वही झालंय. पहिल्या आठवड्यात हे शब्द वर्गात म्हणून दाखवले की मुलं मोकळी होतात. फक्त नात्यांत जपा. ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. ‘शिकामू’ हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार, त्याला ‘माराहाबा’ हेच उत्तर. मुलाने शिकामू म्हटलं आणि तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात तर त्याचा नमस्कार स्वीकारला नाही असं होतं.

केनिया, माध्यमिक

स्वाहिली अर्थ लिहून द्या हे वर म्हटलंय ते पटतं, पण बऱ्याच शाळांत ‘आवारात फक्त इंग्रजी’ असा नियम असतो. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटून वहीतला रकाना दाखवा आणि परवानगी घ्या, नाहीतर तुमच्या वहीमुळे मुलाला शिक्षा व्हायची. छडीचंही तेव्हाच स्पष्ट बोला. केनियात शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे. टांझानियात मुख्याध्यापकांच्या अधिकारात ती अजून चालते. तुमच्या तासाच्या मुलांना शिक्षेसाठी कोणाकडे पाठवलं जाणार नाही, हे आधी ठरवून घेतलेलं बरं.

मोठा वर्ग कसा चालवायचा (मलावी आणि टांझानिया)

सत्तर-ऐंशी मुलं, एका बाकावर तिघं, पुस्तकं पाच जणांत एक. इथे भारतातल्या खाजगी शाळेची पद्धत चालत नाही.

गट करायला बाकं हलवू नका, दहा मिनिटं जातात. पहिली, तिसरी, पाचवी रांग फक्त मागे वळते. समोरासमोर सहा जणांचा गट वीस सेकंदांत तयार होतो. तोंडी सराव आधी सगळा वर्ग, मग एक रांग, मग जोडी आणि शेवटी एकटं मूल, या क्रमाने. एकट्याला आधी उभं केलं तर लाजाळू मुलं वर्षभर तोंड उघडत नाहीत. वह्या तपासायला ऐंशीचे पाच भाग करा, रोज सोळा. ऐंशी एकदम उचलल्या तर तिसऱ्या आठवड्यात तपासणं बंद पडतं. एका वेळी एकाच प्रकारची चूक तपासा आणि तसं मुलांना आधी सांगा.

तक्ते कागदाचे करू नका. दमट हवा, उंदीर आणि वाळवी, तिन्ही आहेत. तांदळाचं ५० किलोचं विणलेलं पोतं घ्या (स्वाहिलीत ‘गुनिया’), बाजारात रिकामं मिळतं. शिवण उसवून सपाट करा, धुवा, छापील बाजू मागे ठेवा. कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटायला लागतात, म्हणून कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून झपकन फिरवायची. प्लास्टिक वितळून कड बसते, मात्र हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. लिहायला पक्क्या शाईचा जाड मार्करच लागतो, बॉलपेन विणीत अडकतं. अक्षर तीन बोटं उंच ठेवलं तर शेवटच्या बाकाला दिसतं. लाल शाई उन्हात सगळ्यात आधी उडते, मजकूर काळ्यात किंवा निळ्यात लिहा. वर काठी शिवली की गुंडाळून खांद्यावर टाकून दुसऱ्या वर्गात नेता येतं. असे पंधरा तक्ते म्हणजे तुमचं निम्मं पाठ्यपुस्तक.

पावसाळ्याचं नियोजन वेगळं लागतं. छत पत्र्याचं असतं आणि जोराची सर आली की तुमचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. म्हणून एका पोत्यावर कायमचा ‘पावसाचा पाठ’ लिहून ठेवा : एक उतारा, पाच प्रश्न, तीन वाक्यं पूर्ण करायची. सर आली की तो टांगायचा आणि वर्ग मुकाट्याने कामाला लागतो. मार्च-एप्रिलसाठी असे चार पाठ तयार हवेत.

इथिओपिया, महाविद्यालय

इथे ‘तो-ती’ची अडचण नाही, अम्हारिकमध्ये दोन्ही वेगळे आहेत. इथली अडचण ‘व्ह’ची, तो ‘ब’ होतो. लिपी मात्र आपल्याला लगेच उमगेल. मूळ ३३ अक्षरं आणि प्रत्येकाची स्वरानुसार ७ रूपं, थेट बाराखडीच. दोन आठवड्यांत पाट्या वाचता येतात. तेवढं केलंत तर विद्यार्थ्यांची नावं हजेरीत बरोबर लिहाल, आणि याचा त्यांना मनापासून आनंद होतो.

वर्गात प्रश्न विचारल्यावर समोरून श्वास आत ओढल्याचा बारीक आवाज आला तर दचकू नका. ते ‘हो’ आहे.

कालगणना नीट समजून घ्या. वर्षाचे महिने १३, तेरावा ५ किंवा ६ दिवसांचा, आणि वर्ष आपल्यापेक्षा सात-आठने मागे. ११ सप्टेंबर २०२४ला तिथे २०१७ सुरू झालं. करारावर रुजू होण्याची तारीख कोणत्या पंचांगाची आहे ते लिहून घ्या. पगार, रजा आणि परतीचं तिकीट सगळं त्यावर अवलंबून असतं. घड्याळही टांझानियासारखंच सहा तासांनी सरकलेलं.

शाकाहारी लोकांची सोय इथे उत्तम. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपासांत मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत. ‘यत्सोम’ म्हणजे उपासाचं, असं सांगितलं की डाळी-भाज्यांचं ताट येतं. इंजेरा ही आंबवलेल्या टेफची (तिथलं बारीक धान्य) मोठी आंबोळी, आणि शिरो म्हणजे नावाने गोड वाटला तरी पिठल्याचा भाऊ.

रवांडा, शिक्षक प्रशिक्षण

इथे मुलांइतकंच शिक्षकांना शिकवावं लागतं. मधल्या पिढीचं शिक्षण फ्रेंचमध्ये झालेलं आहे. तिथल्या किन्यारवांडा भाषेत ‘र’ आणि ‘ल’ वेगळे मानत नाहीत, त्यामुळे राइस आणि लाइस एकच ऐकू येतात. आरसा देऊन जिभेचं टोक कुठे टेकतं ते दाखवा, नुसतं ऐकवून उपयोग नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ‘उमुगांडा’ म्हणजे गावकी श्रमदान असतं. त्या वेळेत रस्ते, दुकानं बंद. प्रवास ठेवू नका, जमलं तर कामाला जा. शेजाऱ्यांशी ओळख तिथेच होते.

कागदपत्रं आणि लस

क्रम चुकला की दोन महिने जातात. पदवीची आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात मानला जाणारा शिक्का). देश अपोस्टिल मानणाऱ्या हेग करारात नसेल तर अपोस्टिल चालत नाही, त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून अगदी शेवटी काढा, कारण जुना झालेला दाखला घेत नाहीत. टांझानियात दोन वेगळे परवाने लागतात, कामगार खात्याचा कामाचा आणि इमिग्रेशनचा राहण्याचा. केनियात शिक्षकाची टीएससीकडे (तिथला शिक्षक सेवा आयोग) नोंदणी लागते. ‘पर्यटक म्हणून या, परवान्याचं नंतर बघू’ असं शाळा म्हणाली तर जाऊ नका. दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते, शाळेच्या नाही.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६पासून तो आयुष्यभर चालतो. केनिया, युगांडा, इथिओपियातून दाखल्याशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या वर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

हिवतापाच्या गोळीत लोक एकच चूक करतात, परत आल्यावर ती लगेच थांबवतात. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, परतल्यावरही चार आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर परतल्यावर सात दिवस. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. नैरोबी, अदिस अबाबा उंचावर असल्याने तिथे धोका फार कमी, पण सुट्टीत किनाऱ्याला गेलात की तो आलाच. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा.

सामान आणि रोजचं राहणं

प्लास्टिक पिशव्या घरीच ठेवा. रवांडाने २००८मध्ये, केनियाने २०१७मध्ये आणि टांझानियाने २०१९मध्ये बंदी घातली. लाडू-चिवडा डब्यात, कपडे कापडी पिशवीत. केनिया, टांझानिया, युगांडा, झांबिया, मलावी इथे तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश सॉकेट आहे, त्याचे दोन ॲडाप्टर न्या. तूरडाळ न्यायची गरज नाही, टांझानिया आणि मलावीत तूर पिकते. स्वाहिलीत तिला ‘म्बाआझी’ म्हणतात. मूग टांझानियात ‘चोरोको’, केनियात ‘न्डेंगू’. प्रेशर कुकरची जास्तीची रिंग आणि शिट्टी मात्र न्या.

बाहेर वाळवलेल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि फोडासारखी गाठ येते. उपाय इस्त्री : दोन्ही बाजूंनी, गरम, आणि आतल्या कपड्यांच्या इलॅस्टिकच्या शिवणीवर जास्त वेळ. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री मिळते. व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवरात पोहू नका, बिलहार्झिया (पाण्यातल्या जंतांमुळे होणारा रोग) होऊ शकतो.

दोन आठवड्यांसाठी जाऊ का?

नको. मुलांची नावं पाठ व्हायलाच तेवढे दिवस लागतात, आणि मागचा धडा अर्धा ठेवून नवा पाहुणा येत राहिला की त्यांचा अभ्यास दरवेळी पहिल्या पानावर येतो. किमान एक पूर्ण सत्र द्या. ते जमत नसेल तर वर्गावर जाऊ नका, तिथल्या शिक्षकांबरोबर बसून तक्ते करा, त्यांचा सराव घ्या. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. निघताना पोत्यांचे तक्ते, शब्दांच्या याद्या आणि कोणत्या मुलाला काय अडतं याची वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या, ऑफिसच्या कपाटात नको. कपाटाची किल्ली बहुतेक वेळा एकाच माणसाकडे असते.